तिसरा पुकारा

श्री
कुंभकोण, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८१

तीर्थस्वरूप व्यंकोबा अण्णांचे पायी धाकट्या सेतूचा नमस्कार.

इकडे आम्ही दोघे सुखरूप. कावेरीला पाणी बरे आहे, तांदूळ बरा मिळतो, मंगलेचा गुडघा अजून कुरकुरतो. तंजावरास तुमचे आणि अंबा वहिनींचे कसे चालले आहे ते कळत नाही, कारण माझ्या आधीच्या दोन पत्रांना उत्तर आले नाही. त्यांतही कावेरी, तांदूळ आणि गुडघाच होता म्हणा. उत्तर कशाचे देणार!

या खेपेस बातमी आहे. तुमच्या भावाला त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी लागली. मुन्सफाच्या कचेरीत! लाल पट्टा आहे, पितळी बिल्ला आहे. बिल्ला मी रोज चिंचेने घासतो. काम आपल्याच घराण्यातले: पुकारा करायचा. राजवाड्यात आपण दोघे चोपदार महाराजांच्या पदव्या पुकारीत होतो, इथे मी वादी-प्रतिवादींची नावे पुकारतो. हसू नका. किंवा हसाच, तेवढे तरी कानावर येईल.

आता खरे सांगतो. बिल्ला छातीवर लागला आणि त्याच्या मागे जी धडधड सुरू झाली ती थांबेना. कचेरी उघडते अकराला, मी आठलाच पायरीवर. घराची कडी लावून चार पावले गेलो की वाटायचे, लावली की नाही? परत यायचे, कडी हलवून बघायची. तिसऱ्यांदा हलवली तेव्हा मंगला आतून ओरडली, "अहो, कडी लागली आहे आणि मी आत कोंडले गेले आहे! उघडा आणि मग कुठे जायचे तिथे जा!"

कचेरीचा नियम असा, की नाव तीनदा पुकारायचे. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस हजर झाला नाही तर दावा खारीज. माझ्या पहिल्याच दिवशी तिरुवलंचुळीची चिन्नम्माळ म्हणून ताक विकणारी म्हातारी आली होती. तिच्या फणसाच्या झाडाला शेजाऱ्याने आपले कुंपण घातले, म्हणून दावा. ती बसली होती आवाराच्या टोकाला सावलीत. मी पुकारले. अण्णा, ज्या आवाजाने सवारीतला हत्ती थांबायचा, तो आवाज माझ्या मिशांच्या पलीकडे गेला नाही. तीनही वेळा!

कारकून पद्मनाभ भला माणूस. त्याने म्हातारीला येताना पाहिले होते, ते सांगितल्यावर मुन्सफांनी एक तारीख वाढवून दिली. शेवटचीच. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "सेतूराव, पुन्हा असे झाले तर तिचा फणस गेला आणि तुमचा बिल्ला."

कचेरी उठल्यावर म्हातारी माझ्याकडे आली. म्हणाली, "अय्या, मी दिवसभर कान देऊन बसले होते. मला बोलावलेच नाही?" मी म्हटले, घसा बसला होता. आणि ते तोंडातून निघाले मात्र, मला तुम्ही आठवलात.

कारण तुम्हालाही मी हेच सांगितले होते. चार वर्षांपूर्वी, महाराज गेले तेव्हा त्यांच्या शेवटच्या सवारीच्या दिवशी. पुढची ललकारी माझी, मागची तुमची. तोवर तुम्ही नेहमी शेजारी असायचात, त्या दिवशी मी पुढे एकटा होतो. सगळे तंजावर रडत उभे होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही गर्दीतून धावत पुढे आलात आणि माझी ललकारी तुम्ही दिलीत. मग तुमच्या वाट्याची मागची राहिली ती राहिलीच. तुम्ही विचारलेत, काय झाले? मी म्हटले, घसा बसला. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलेत, आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीत.

घसा बसला नव्हता, अण्णा. मी घाबरलो होतो.

आता त्या तारखेचे ऐका. सकाळी नाव तळहातावर शाईने लिहून नेले, घामाने ते धुऊन गेले. पहिला पुकारा केला, समोरचा कावळासुद्धा उडाला नाही. दुसऱ्याला नुसते तोंड हलले. म्हातारी तिकडे टोपलीशी बसलेली, कान इकडे. आणि माझ्या मनात आले, सेतू, आज मागून अण्णा धावत येणार नाहीत. मी डोळे मिटले, हातात काठी नसताना जमिनीवर टाच आपटली, आणि पोटातून जे आले ते आले:

"निगा रखोऽऽ! आस्ते कदम! श्रीमंत राजमान्य राजेश्री तिरुवलंचुळीकर चिन्नम्माळ, हाऽऽजिर!"

अण्णा, आवारातले बैल उठले! आमच्या मुन्सफ सुंदररावांचे वडील राजवाड्यात दप्तरी होते, ही ललकारी त्यांच्या लहानपणापासून कानातली. ते खाडकन उठून उभे राहिले, हात जोडून! मुन्सफ उठले म्हणून वकील उठले, वकील उठले म्हणून सगळे उठले. आणि त्या दोन रांगांमधून चिन्नम्माळ आली. डोईवर ताकाच्या मडक्याची टोपली, मान ताठ, अगदी आस्ते कदम. कोणासाठी उभे आहेत म्हणून तिने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. आपल्यासाठीच, हे तिला ठाऊक होते.

सुंदररावांना भान आले तेव्हा ते खाली बसले, खोकले, पागोटे सारखे केले. मला वाटले, बिल्ला गेला. कचेरीत ते कधी आपली भाषा बोलत नाहीत, पण तेव्हा मराठीतच म्हणाले, "पदव्या नकोत. आवाज मात्र हाच राहू द्या."

फणस म्हातारीला मिळाला. पहिला फणस ती मला आणून देणार आहे. तिरुनागेश्वरमचा एक जमीनदार केळ्यांचा घड घेऊन आला होता, मलाही चिन्नम्माळसारखे पुकारा म्हणून. मी घड परत पाठवला. मंगला अजून त्यावरून बोलते. पण परवा घाटावर बायकांना सांगत होती, "तो आवाज ऐकलात ना? तो आमच्या घरचा."

धडधड गेली नाही हो. आजही आठला पायरीवर होतो. पण नाव आले की पुकारतो, आणि आवाज आवाराच्या बाहेर रस्त्यापर्यंत जातो. याचा मला गर्व आहे, आणि तो लपवावा असे वाटत नाही.

अण्णा, तुमच्याशी मी खोटे बोललो. माझे चुकले. हे सांगायचे म्हणूनच पहिली दोन पत्रे लिहायला घेतली होती, आणि दोन्ही वेळा तांदळापाशी अडलो. हे तिसरे पत्र. कचेरीच्या नियमाने तिसऱ्या पुकाऱ्याला तुम्ही हजर झाला नाहीत तर खारीज व्हायचे. पण खारीज करणारे मुन्सफ, मी नव्हे. मी चौथ्यांदा पुकारीन, पाचव्यांदा पुकारीन.

निगा रखो! आस्ते कदम! महाराजांचे अखेरचे चोपदार, श्रीमंत राजमान्य व्यंकोबा अण्णा, हाजिर!

ज्याचा घसा कधीच बसला नव्हता, तो तुमचा धाकटा भाऊ
सेतू