अरेतीसाठी एक चांगली रीड

४ ऑगस्ट
आजपासून शिस्त. बोरूच्या रीडची, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायच्या पातळ पट्ट्यांची, नवी पेटी फोडली. पंधराला गावच्या चर्चची जत्रा. नाच सुरू होण्याआधी वर्षभरात गेलेल्यांसाठी क्लॅरिनेटवर शोकगीत वाजतं. यंदा त्यांत अरेती आहे. माझ्या बायकोसाठी मीच वाजवणार. दुसऱ्या कुणाची टाप आहे!

५ ऑगस्ट, सकाळ
सगळी पेटी भिकार. पहिली किंचाळते, दुसरी शिट्टी मारते, तिसरीतून नुसती हवा. हल्ली बोरू नीट वाळवतच नाहीत. शेजारची फोतिनी कुंपणापलीकडून म्हणते, "भावोजी, रीडला कशाला शिव्या देताय? कवळी बसवलीत तेव्हापासून हे चाललंय." हिला क्लॅरिनेटमधलं काय कळतं! तिने दिलेली पालकाची पीता मात्र खाल्ली.

७ ऑगस्ट
रीड काचेवर सपाट वाळवायची, उन्हात नाही. सगळं पाळलं. मग रीडची पाठ घासून गुळगुळीत केली. जरा जास्तच झाली. फेकली.
दुसरी त्सिपुरोत भिजवली. रीड होती तशीच. पेल्यातली दारू वाया घालवणं बरं नव्हे. प्यायलो. आज सराव नाही.

९ ऑगस्ट
कोझ्मास आला. आमच्या ताफ्यात तो व्हायोलिन वाजवतो. बरोबर त्याचा जावई, पान्देलीस. कोझ्मास बराच वेळ हवापाण्याचं बोलला, मग म्हणाला, झिसीस, यंदा तू आराम कर, पान्देलीस वाजवेल. जावईबापू लगेच प्लास्टिकची रीड दाखवायला लागले. "काका, भिजवायला नको, वाळवायला नको, ऊन लागो की थंडी!" मी म्हटलं, उद्या थडग्यावर फुलंही प्लास्टिकची वाहशील. रीड टेबलावर विसरून गेला.

१० ऑगस्ट
केवळ शास्त्रीय कुतूहल म्हणून प्लास्टिकची लावून पाहिली. हीसुद्धा किंचाळते. कारखान्याचा दोष.

१३ ऑगस्ट
सापडली! पेटीतली शेवटची. एक सूर असा लागला की वाटलं, आता आतून अरेती ओरडेल, "पुरे झालं हो, जेवायला या." थोडा वेळ थांबलो. मग पाव आणि ऑलिव्ह उभ्याउभ्याच खाल्ले.
दुसरा सूर लागला नाही. पण रीडला सवय व्हायला हवी.

१५ ऑगस्ट, दुपार
शर्टाला स्वतः इस्त्री केली. कॉलर जळली. कोट घालणार आहे, कुणाला दिसत नाही. रीड तयार. मी तयार.

१६ ऑगस्ट
काल चौकात सगळं गाव जमलेलं. पहिल्याच सुराला कवळी सरकली. कोंबडा आरवावा तसा आवाज निघाला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, रीड दगा देतेय. पान्देलीसने हळूच माझं क्लॅरिनेट घेतलं आणि रीड न बदलता तसंच ओठांना लावलं. काय वाजवलं पोराने! बायकांनी डोळ्यांना एप्रन, रुमाल, मिळेल ते लावलं.
मी कडेला उभा. कुठे बसायचं तेच कळेना, जत्रेत मी कधी बसलोच नव्हतो. फोतिनीने हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "भावोजी, घरच्या माणसाने वाजवायचं नसतं. घरच्या माणसाने रडायचं असतं." फेब्रुवारीत तिच्या दफनाला कोरडाच राहिलो होतो. काल रडलो, सगळ्यांदेखत, नाक गळेपर्यंत.
रीड उत्तम आहे. तिच्यात काहीच खोट नाही. आज घासायला, भिजवायला काही नाही. अरेती गेली.