जड फिरणारं हँडल

प्रिय इंदू,

ताईला फोन सोडून पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. फोनवर तू माझा आवाज लगेच ओळखतेस, म्हणून. अप्पांचा कॅमेरा अडलाय आणि मी घाबरलेय. हसू नकोस, आधी नीट वाच.

खंडेनवमीला विळी, कात्री आणि शिलाई मशीनच्या रांगेत कॅमेऱ्यालाही हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला नवा रोल भरून तुंगार्लीच्या तळ्यावर गेले. अप्पा आपल्या दोघींना उन्हात डोळे बारीक करून उभं करायचे ना, तिथेच. चार फोटो झाले आणि पाचव्याला फिल्म पुढे सरकवायचं बाजूचं हँडल फिरेना. अगदी बंद नाही, पण असं जड की आत कुणी फिल्म धरून बसलंय. मी चांगला दात-ओठ खाऊन जोर लावला. मग अप्पांचं ओरडणं आठवलं, ‘अडलं तर जोर लावायचा नाही, कागद फाटतो!’ गुपचूप घरी आले.

घरी अप्पांनी शिकवलेली सगळी तपासणी केली. आधीचा फोटो निघालाय ना, ते पाहिलं. मग न्हाणीघरात अंधार करून, वर दुलई पांघरून कॅमेऱ्याची पाठ उघडली. रीळ खाचेत नीट बसलं होतं. फिल्ममागचा कागद तिरका गेला असेल तर त्याची कड बोटाला लागते, म्हणून चाचपून पाहिलं. मला तिरकी नाही आणि सरळही नाही, कडच लागेना. मनात म्हटलं, अंधारात घाबरलेय, दुसरं काय! तो रोल चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवला. मग उजेडात, पाठ उघडी ठेवून, एक जुना वाया गेलेला रोल भरला. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेला लावला, कागद सरळ होता, तरी हँडल जडच. शेवटी लोणावळ्याच्या दमट हवेला नावं ठेवली. पावसाळाभर कपाटात झिरोचा बल्ब लावला होता, तरी.

दुरुस्तीला पाठवायला पिशवी काढली, तेवढ्यात तुझे भावोजी आले. कॅमेरा कुठून धरायचा हे ज्यांना लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही, त्यांनी तोंडात खारी धरून दोन बोटांनी हँडल गरकन फिरवलं. वर म्हणतात, “फिरतंय की गं, लोण्यासारखं!”

इंदू, मी काढलेली पिशवी परत ठेवून दिली. गेले काही महिने लोणच्याची बरणी उघडेना, तर मी बरणीला शिव्या घालत होते. कुलूप लागेना, तर कुलूप गंजलं म्हणत होते. आपल्या घराची खोडच ती. अप्पांनी नाही का, कॅमेरा पुन्हा पुन्हा पुण्याला दुरुस्तीला पाठवला? दर वेळी काही बिघाड नाही म्हणून परत यायचा आणि अप्पा त्या दुकानदाराचा उद्धार करत बसायचे. मग सदऱ्याची बटणं आई लावायला लागली. मग एकदा जेवताना आमटीची वाटी हातातून सुटली. पुढचं तुला माहीत आहे, मी लिहीत नाही. मला भीती वाटते गं, फार भीती वाटते. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी मूठ वळून बघते.

काल पुण्यात नसांच्या डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या अजून चालू आहेत. पण अप्पांचं सांगितलं तसे ते लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी विचारलं, “तुम्हाला भावंडं किती?”

म्हणून हे पत्र. या खोक्यात कॅमेरा आहे, तो वाया गेलेला रोल आत भरून ठेवलाय. उजव्या हाताने हँडल फिरव. लोण्यासारखं फिरलं तर आहेस तिथून फोन कर, मी इथे साखर वाटीन. जड गेलं तर कॅमेऱ्याला शिव्या देऊ नकोस. सरळ लोणावळ्याला निघून ये, डॉक्टरांकडे दोघी मिळून जाऊ. आणि बाई गं, जोर लावू नकोस. मी लावून पाहिलाय.

फोनजवळून न हलणारी, तुझीच,
ताई