रिकामी मात्रा

प्रिय ढोल्या,

परवा तुला एक गोष्ट सांगायला आले, तर तू दारातच हात जोडलेस. "बँडचं नावही काढू नकोस," म्हणालास. म्हणून हे लिहून माझ्याकडेच ठेवतेय.

आपला मेटल बँड आधी नुसत्या कानठळ्या बसवायचा. मग तू डोंगरातून वडिलांचा ढोल आणलास, पाठोपाठ परदेशी नगारे आले आणि आपल्या गोंगाटात जीव आला. तुमच्यात माणसाला शेवटचं पोचवताना वाजवतात, तो ठेकाही तू वडिलांना विचारून घेतलास. "वाजव की, पोरं नाचली तर मेलेल्यालाही बरं वाटेल," असं ते हसत म्हणाले होते. माझी गिटार शिरावी म्हणून तू त्यात एक मात्रा रिकामी सोडलीस.

मग वडीलच गेले. त्यांच्या तिरडीपुढे वाजवताना तुझा हात सवयीनं त्या रिकाम्या मात्रेलाच थांबला. बरोबरचे म्हातारे ढोलवाले वाजवत राहिले आणि ठेका विस्कटला. "बापालासुद्धा धड पोचवता आलं नाही मला," म्हणत तू ढोल खाली ठेवलास आणि निघून गेलास. त्या दिवसापासून तू बँड सोडलास, आणि मलाही.

अरे मूर्खा, जरा थांबायचंस तरी! तुझी पाठ वळल्यावर तुझ्या थोरल्या काकांनी इतरांकडे नुसतं पाहिलं. पुढच्या आवर्तनात सगळे म्हातारे त्या मात्रेला थांबले. पार स्मशानापर्यंत तसेच थांबत गेले.

मी मागून चालत होते आणि माझ्या हातात गिटार नव्हती.

तुझी होते ती,
किरकिरी