खिडकीतला कप

खडकी, रविवार दुपार

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून.

काल छोट्या शकूनं तो कप तोंडाला लावला आणि माझं मावशीकडचं राहणं संपलं.

काळजी करू नकोस. कॉलेज सोडलं, तरी हडपसरच्या कारखान्यात चिकटलोय. तुझा गुडघा कसा आहे?

कारखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या कमरजहांला मी घरी आणलं होतं. मावशीनं तिला चहा दिला तो खिडकीतल्या, दांडी तुटलेल्या कपात. शकू म्हणाली, "तो मुसलमानांचा. आपण प्यायलो तर आजारी पडतो."

कमरजहां हसली. "मग मी कशी पडत नाही गं?"

शकूनं जरा विचार केला आणि तिचा उरलेला चहा पिऊन टाकला. "आई, बघ, मला काहीच झालं नाही!"

मावशीनं शकूच्या थोबाडीत मारली. मग माझाही तोल गेला, नको ते बोललो. कमरजहां निघून गेली. आता बोलायला कुणी नाही, म्हणून तुला लिहितोय.

तसाच कप आपल्या फडताळातही आहे, आई. मला तिच्याशी लग्न करायचंय. तिला चहा कशात देशील? एवढंच कारखान्याच्या पत्त्यावर कळव.

ट्रंक भरली आहे. शकू झोपलीय, म्हणून आज दार आपटत नाही. हळूच ओढून घेतो.

तुझाच,
सुहास