आवाजाच्या बटणाला मारलेला स्क्रू

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचा, गल्लीत ‘सुईवाली’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारा माणूस चौतीस वर्षांपूर्वी या घरातून लंगडत गेला. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि फुफ्फुसांची अवस्था बघता पुन्हा करायला सवड मिळेल असं वाटत नाही.

कलम एक. वरच्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, ज्या मी स्वतःच्या कमाईने घेतल्या, त्या माझ्या एकुलत्या एक मुलीला, तिच्या एकटीच्या नावे मिळाव्यात. माझ्या जावयाचा त्यांवर काडीचाही हक्क राहणार नाही, आणि त्याने उंबरठा ओलांडू नये. कारण पुढे येईल.

कलम दोन. पक्कडी, भिंग, स्क्रूड्रायव्हरचा डबा, सगळी हत्यारं समोरच्या घड्याळवाल्याला द्यावीत. माझी सर्वांत बारीक पक्कड गेली चार वर्षं त्याच्याकडेच आहे. ती त्याने आता परत करायची तसदी घेऊ नये.

कलम तीन. दाराआडच्या खुंटीवर माझ्या नवऱ्याचा कातडी पट्टा आहे, तो धाकट्या दिरांना द्यावा. नवऱ्याने रेकॉर्ड प्लेअरचं लाकडी झाकण माझ्या डाव्या हातावर आपटून दोन बोटं मोडली, तेव्हा हे दीर म्हणाले होते, ‘घरोघरी मातीच्या चुली, वहिनी.’ पट्ट्याचं बक्कल कुठे वाकलंय ते त्यांनी निरखून बघावं, आणि मग तीच म्हण मोठ्याने म्हणून बघावी.

कलम चार. माझं जुनं टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि एकशे बारा रेकॉर्ड माझ्या मुलीला. इथून पुढे मी मुलीशीच बोलते, वकीलबाईंनी चालवून घ्यावं.

बाळ, या मशीनवर तुझा बाप अकरा वर्षं गाणी लावायचा. आधी रेकॉर्ड, मग आवाजाचं बटण शेवटपर्यंत, मग पट्टा. गल्ली म्हणायची, काय हौशी जोडपं आहे. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा त्याने तुझे केस धरून तुझं डोकं भिंतीवर आपटलं. मी मशीनची फिरती थाळी रेकॉर्डसकट उपसली. ओतीव, तीन किलोची. गाणं बंद पडलं, त्यामुळे त्याच्या गुडघ्याचं हाड मोडलेलं स्वच्छ ऐकू आलं. दुसरा घाव कोपरावर घातला. तिसरा डोक्यात घालणार होते, पण तू ‘आई’ म्हणालीस म्हणून हात थांबला. पहिल्या दोन घावांचा मला पश्चात्ताप नाही. तिसरा राहिला याचा मात्र कधीकधी होतो. तो बरा झाल्यावर परगावी गेला आणि तिकडेच मेला. थाळीच्या कडेला चेपलेली जागा आहे, ती ठोकून सरळ करू नकोस. फिरताना काही फरक पडत नाही, मी तपासलंय.

कलम पाच. गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे जेवायला आले होते. हात धुवायला आत गेले, तर बाहेर जावयाने स्पीकर एवढा मोठा केला की खिडकीची काच थरथरली. परत आले तेव्हा तुझा ओठ फाटलेला होता. तो म्हणाला, ‘सासूबाई, आमच्याकडे गाण्याची फार आवड.’ तू म्हणालीस, ‘आई, दार लागलं.’ अगं, अकरा वर्षं मीही त्याच दारावर आपटत होते. तेव्हा हे घर तुझं आहे, आज, मी जिवंत असतानासुद्धा. बॅग भरायला बसू नकोस. चप्पल घाल आणि ये.

कलम सहा. आलीस की हे ऐकायला शीक. मशीन भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर ठेव, लाकडी टेबलावर नको, चालताना हादरतं. थाळीवर पाण्याने अर्धी भरलेली बशी ठेवून बघ. पाणी एका बाजूला गेलं तर मशीनच्या त्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठा सरकव. रबरी पट्टा ढिला झाला की गाणं रडकं येतं. नवा पट्टा खणात आहे. सुईच्या दांडीमागचं वजन फिरवत राहा, दांडी हवेत आडवी तरंगेपर्यंत, मग दोन ग्रॅमवर आण. भार जास्त झाला तर सुई रेकॉर्ड खरवडते. रेकॉर्ड कडेला धर, ब्रश फिरव, सुई हलक्या हाताने टेकव. गाण्याआधी थोडी खरखर येते, तिला घाबरू नकोस. पहिल्या दिवशी एकच बाजू ऐक आणि त्या वेळात दुसरं काही काम करू नकोस. आवाजाच्या बटणाखाली मी स्क्रू मारलाय. ते आता तिसऱ्या आकड्यापुढे जात नाही. एवढ्या आवाजात शेजारच्या खोलीत कुणी साधं बोललं तरी ऐकू येतं, मग ओरडलेलं तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. तो स्क्रू कोणालाही काढू देऊ नकोस.

कलम सात. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला काहीही मिळू नये. तुझ्या बापाने बटण वर केलं की हा मेला खालून कापड मोजायच्या गजाने छत ठोकायचा. गल्लीत सभ्य दिसायची हौस असल्याने तुझा बाप आवाज कमी करायचा, आणि आवाज कमी झाला की पट्टाही खुंटीला जायचा. पण शिंपी ठोकायचा तो स्वतःच्या झोपेसाठी. शिवाय गल्लीभर सांगायचा, सुईवालीच्या घरी फार गोंगाट. तेव्हापासून मी त्याला साधं बटण लावायलासुद्धा कपडा दिलेला नाही. साक्षीला त्याला बोलावते, ते जवळ दुसरं कोणी नाही म्हणून. साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या, ते बरंच झालं.

पुरवणी, सहीच्याच दिवशी. शिंपी गुडघे धरत वर आला. सही करण्याआधी त्याने कलम सात वाचलं आणि चष्मा काढला. मग म्हणाला, ‘वहिनी, गाण्याचा त्रास मला कधीच नव्हता. गाण्याखाली तुमचा आवाज यायचा. ठोकलं की तो थांबतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गोंगाट गोंगाट म्हणून सांगत फिरलो, कुणीतरी वर येऊन बघेल म्हणून.’

मी विचारलं, ‘मग तुम्ही का नाही आलात?’

‘घाबरलो. गज हाताशी होता, जिना लांब वाटला.’

मी त्याला माफ केलं असं इथे लिहिणार नाही, कारण अजून तसं वाटत नाही. पण अकरा वर्षांत माझ्यासाठी कोणी काही केलं असेल तर ते त्या गजाने. कलम सात खोडत नाही, खोडलं की वकीलबाई सगळं पुन्हा लिहायला लावतात. घराची दुसरी किल्ली मुलगी येईपर्यंत शिंप्याकडे राहील. ती आल्यावरही राहील.

ठिकाण: माझं दुरुस्तीचं टेबल, खिडकीजवळ.
दिनांक: १९ नोव्हेंबर, सकाळी अकरा.
सही: सुईवाली (डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, हीच ओळखीची खूण)

साक्षीदार एक: डॉक्टरीणबाई. बाईंनी शुद्धीवर असताना आमच्या दोघांच्या समक्ष सही केली.

साक्षीदार दोन: खालच्या मजल्यावरचा शिंपी. माझ्यासमोर सही झाली. बाईंचा आवाज मी तेव्हाही ऐकत होतो. मुलीचा ऐकू आला तर छत ठोकणार नाही, वर येईन. आज चढून बघितलं, सोळाच पायऱ्या आहेत.