मागीलदारचे तिघे

रविवार, १६ नोव्हेंबर

आलो एकदाचे! टेम्पो सकाळी पोचला, आम्ही दुपारी. देवेशने घाटात दोनदा ओकारी काढली, आणि दोन्ही वेळा माझ्या बाजूलाच. सात वर्षांच्या भावाला खिडकीची जागा न देण्याचं हे फळ, असं आई म्हणाली.

घर मला एकदम पसंत आहे. चिऱ्याचं, लाल कोब्याच्या जमिनीचं. पुढे पडवी आणि खळं (म्हणजे अंगण), मागे स्वयंपाकघर. तिथलं मागीलदार उघडलं की माड, आणि माडांपलीकडे एक जुनी तळी. पाणी हिरवं आहे पण पायऱ्या सुंदर आहेत. मालवण इथून रिक्षाने वीस मिनिटं. आईचं ऑफिस ओरोसला, तिथलं क्वार्टर मिळायला मार्च उजाडेल, तोवर हे भाड्याने. बाबा पुण्यातच राहणार. पहिल्यांदाच मला स्वतःची खोली मिळालीय, त्यामुळे पुण्याच्या मैत्रिणींसाठी रडायचं मी पुढच्या आठवड्यावर ढकललंय.

शेजारच्या सत्यवती काकी तळलेले बांगडे आणि सोलकढी घेऊन आल्या आणि पाच मिनिटांत आमची सगळी कुंडली काढून गेल्या. मी चौदाची आहे कळल्यावर मात्र थांबल्या. मला न्याहाळून म्हणाल्या, "मगे आता झोपेक जप गो." आईला वाटलं, मी झोपाळू आहे हे त्यांना चेहऱ्यावरूनच कळलं. आई अजून हसतेय.

आमच्या दोघांच्या शाळा सकाळच्या. आई साडेसातच्या बसने जाणार, संध्याकाळी सातला येणार. मधल्या वेळात देवेश माझ्याकडे. आईचे नियम तीन: गॅस बंद आहे का दोनदा बघायचं, दीड वाजता त्याला जेवायला घालायचं आणि तळीकडे त्याला एकट्याला अजिबात जाऊ द्यायचं नाही. तिसरा नियम तिने माझा कान धरून सांगितला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

इथे दुपारी सगळं गाव झोपतं. दुकानदारसुद्धा. मग मी पण झोपले, आणि विचित्र स्वप्न पडलं.

मी स्वयंपाकघरात उभी आहे, मागीलदार सताड उघडं, बाहेर लख्ख ऊन. तळीकडून एक बाई हाक मारते, "ये गो बाय, जेवान वाढलंय." इतक्या मायेने आईनेही मला कधी जेवायला बोलावलं नसेल. (आई बोलावते तेव्हा हातात लाटणं असतं.) मला कडकडून भूक लागते. मी निघते, आणि दारात गवा उभा असतो. आंबोलीच्या रस्त्यावर आम्ही लांबून बघितला होता तसला, पण याने अख्खं दार भरून टाकलंय. मला फक्त त्याची पाठ दिसते आणि श्वासाचा आवाज येतो. मी ओरडते, तो हलत नाही. मी रडत जागी झाले. देवेश शेजारी बसून माझ्याकडे बघत होता आणि मजेत बिस्किट खात होता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज चौथ्यांदा. आता ते तिघे झालेत. दारात गवा, पायरीवर कोल्हा आणि उंबऱ्यावर आडवी पडलेली घोरपड. हाक येते, मी निघते, ते जाऊ देत नाहीत. घोरपडीला ओलांडायला पाय उचलला की ती फुगते. मला किळस येते, आणि नंतर दिवसभर राग. शाळेत मराठीच्या तासाला डुलकी लागली तर दचकून किंचाळले. सगळा वर्ग हसला. नव्या शाळेत नाव काढलंच म्हणायचं.

सत्यवती काकी आज मुंबईला गेल्या, सुनेचं बाळंतपण आहे. रिक्षा उभी असतानाही मुद्दाम कुंपणाशी आल्या आणि विचारलं, दुपारी झोपेत काही दिसतं का? जनावरं वगैरे? मला इतकी लाज वाटली! दिवाळीत मला पाळी सुरू झाली तेव्हापासून जो तो मला काहीतरी खाजगीच विचारतो. मी म्हटलं, छे, काहीच नाही. त्या जरा घुटमळल्या, मग रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दर बुधवारी शाळेत समुपदेशक येतात, सुगंधा मॅडम. किंचाळण्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. पण चांगल्या आहेत. म्हणाल्या, या वयात अशी स्वप्नं खूप मुलींना पडतात. शरीर बदलतं, घर बदलतं, आणि मनाला जे बोलता येत नाही ते जनावर होऊन येतं. कोणतं जनावर काय सांगतंय ते शोध.

मी लगेच शोधलं. गवा म्हणजे गणिताचे सर (मानेवरून तर खात्रीच). कोल्हा म्हणजे पुण्याची भक्ती, मी निघाल्यावर आठ दिवसांत तिने दुसरी मैत्रीण केली. घोरपड बहुतेक मीच, कशालाही चिकटून बसणारी. मॅडम खूप हसल्या.

मग त्यांनी उपाय दिला. जागेपणी स्वप्न वहीत लिहायचं, पण शेवट आपल्या मनासारखा करायचा, आणि झोपण्यापूर्वी दहा वेळा मोठ्याने वाचायचं. एका वेळी एकच जनावर घे म्हणाल्या. उद्यापासून गवा.

सोमवार, १ डिसेंबर

जमलं!! मी लिहिलं होतं, "मी म्हणते, हो बाजूला. गवा निघून जातो." पाच दिवस वाचलं. आज स्वप्नात मी म्हटलं, आणि तो वळला. पहिल्यांदा त्याचं तोंड दिसलं. मला वाटलं होतं डोळे लालबुंद असतील. तसं काही नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी चालतं व्हा म्हटलं तर ते जसं बघेल तसा तो बघत होता. मग माडांमधून हळूहळू गेला. जागी झाल्यावर मला थोडं वाईट वाटलं, पण गणिताच्या सरांचं वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं. रात्री आईने मालवणला नेऊन आइस्क्रीम दिलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

कोल्हा गेला. सहज नाही गेला. कुईंकुईं करत परत परत पायरीवर येत होता. शेवटी मी वहीत दगड लिहिला, स्वप्नात तो माझ्या हातात आला. मी मारला. त्याला लागला.

आता दारातून तळीपर्यंत दिसतं. ती बाई वरच्या पायरीवर पाठमोरी बसलेली असते. केस ओले. हाक आता जवळून येते.

एक गोष्ट मात्र कळत नाही. आज मी जागी असताना, तीन वाजता, मागून तिरफळं घातलेल्या माशाच्या कढीचा वास येत होता. काकींच्या घराला कुलूप आहे, आणि त्या बाजूला दुसरं घर नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

घोरपड सुटेना. मी लिहिलं "ती जाते", ती गेली नाही. लिहिलं "ती उंबरा सोडते", सोडला नाही. आज स्वप्नात मी तिची शेपूट धरून ओढली. ती माझ्याकडे बघतही नव्हती, तळीकडे बघत होती. तिघंही कायम तिकडेच बघायचे. हे आधी माझ्या लक्षात का आलं नाही?

पण तोवर मी ओढलं होतं. नखं करकरली आणि ती सुटली.

उठून पाणी प्यायला गेले. मागीलदारच्या उंबऱ्यावर आठ-दहा खोल ओरखडे आहेत. ताजे. संध्याकाळी आईला दाखवले, ती म्हणाली मांजर असेल.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज दारात कोणी नव्हतं. मी गेले. मला जायचं नव्हतं, पण पाय गेले.

पायरीवर केळीची दोन पानं वाढलेली. भात, कढी, वाफा येत होत्या. ती पाठमोरीच म्हणाली, बस. मी विचारलं, दुसरं पान कोणाचं? ती हसली. "तुझो भाव खंय आसा?"

जाग आली तेव्हा मी अंथरुणात नव्हते. परसात उभी होते, तळीकडे तोंड करून. मागे दार उघडं. पावलं ओली होती.

देवेश घरात झोपला होता. नशीब. मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो उठून रडायला लागला.

बुधवार, १० डिसेंबर

मॅडम आज रजेवर. आईला काल रात्री सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला, शुक्रवारी रजा घेते म्हणाली. उद्या ऑफिसात तपासणी आहे, उद्या नाहीच मिळणार.

शेवटी शाळेतून आल्यावर सत्यवती काकींना फोन केला. त्या दिवशी खोटं बोलले ते कबूल केलं. तिघांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "भिया नको गो. ती राखणदाराची, गाव राखणाऱ्या देवाची जनावरां. वयात येणाऱ्या चेडवांच्या, पोरींच्या दारात उभी रवतत. तुझ्यासाठी उभी आसत."

मी म्हटलं, मी त्यांना घालवलं.

काकी म्हणाल्या, "हाकललंस? तिघांकय?"

मग काकींनी सगळं सांगितलं. इथे हे आई मुलीला सांगते, चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून त्या माझ्या आईसमोर बोलल्या नाहीत. फार जुन्या काळी त्या तळीवर एक बाई राहायची. दुष्काळाचं वर्ष. कुठूनतरी तांदूळ मिळवून तिने दोन पानं वाढली आणि पोरांना हाका मारल्या. पोरं भुकेने पाणी प्यायला तळीत उतरली होती, ती वर आलीच नाहीत. तेव्हापासून ती हाका मारते. लहान मुलांना ती ऐकू येत नाही, मोठ्यांनाही नाही. मधल्या वयातल्या मुलींना तेवढी येते. मोठी आली की धाकट्याला घेऊन येते, हे तिला माहीत आहे. आणि मोठीने एकदा उंबरा ओलांडला की मग धाकट्यालाही ऐकू यायला लागतं.

मी उंबरा ओलांडलाय.

काकी आज रात्रीच्याच गाडीने निघतायत. आल्या की राखणदाराला गाऱ्हाणं घालतील. तोवर दुपारी झोपू नको, ओ देऊ नको, आणि पोराचा हात सोडू नको.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळी १०. शाळेत गेलो नाही. मागीलदारला कडी आणि वर टेबल. काकींची गाडी घाटात दोन तास अडकून होती.

१२.१०. काकींचा फोन आला. कणकवलीत उतरल्या, रिक्षा केली, तासा-दीड तासात येतात. आई फोन उचलत नाही, तपासणी चालू असणार. देवेश चित्र काढतोय. मी जागी राहायला लिहितेय. तोंडावर तीनदा पाणी मारलं. झोप येतेय, फार झोप येतेय, पण मी

१.२०. मी जागी आहे. बहुतेक जागीच होते. वरचं वाक्य अर्धं आहे.

टेबल बाजूला सरकलंय.

देवेश इथेच आहे. चित्र काढतोय. देवा, इथेच आहे.

१.३०. त्याला ताट वाढलं. भूक नाही म्हणाला. जेवलास का कुठे? हो म्हणाला. कुठे? त्याने पेन्सिलीने मागीलदार दाखवलं. कढी छान होती म्हणाला. शितं लागलीत त्याच्या हनुवटीला. मी आज भात केलेलाच नाही, पोळ्या केल्यात.

तो म्हणतो, ताई, तुझं पान तसंच आहे. ती थांबलीय.

१.३५. पुढच्या दाराने रस्त्यावर जाणार होते त्याला घेऊन. दार उघडत नाही. ओढून ओढून हात सोलला. काकींना फोन केला, नुसती रिंग.

त्याचं मनगट डाव्या हातात धरलंय. सोडणार नाही. काहीही झालं तरी सोडणार नाही. उजव्या हाताने लिहिते. लिहून घालवलं, तर लिहून परत आणीन.

गवा येतो. माडांमधून येतो. दारात उभा राहतो. मी चुकले, तू ये. दारात उभा राहतो.

कोल्हा येतो. पायरीवर बसतो. मी दगड मारत नाही. मारत नाही.

घोरपड उंबऱ्यावर — येते — उंबरा धरते —

कोणी आलं नाही. मागीलदार उघडं आहे. मी उघडलं नाही.

परत. गवा येतो. दारात उभा — वर बघायचं नाही, लिहायचं. मनगट हातात आहे. गार पडलंय, पण आहे. घट्ट धरलंय. गवा येतो —

तळीकडून देवेश हाक मारतोय. ताई, ये ना, म्हणतोय.

तळीकडून.

मग माझ्या हातात हे कोणाचं म