दादाच्या सऱ्यांवरची फवारणी

प्रिय दादा,

फार उशिरा लिहितोय, माफ कर. तुला जाऊन नऊ महिने झाले. आज वहिनी शीतगृहातून आणलेलं बटाट्याचं बियाणं कापायला बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, यंदा सगळं रान ह्यांच्याच पद्धतीनं. औषधाचा थेंब नाय." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

गेल्या साली पैज तूच लावलीस ना! शेंद्र्याच्या शिवारातलं निम्मं रान तुझं: शेणखत, निंबोळीची पेंड, चुलीची राख. निम्मं माझं: युरिया आणि फवारणी. मधे तुरकाट्यांची ओळ रोवलीस. "ह्या ओळीच्या अल्याड तुझा पंप आला तर बघ, लहान्या!"

मग आभाळ भरून राहिलं आणि बटाट्यावर करपा पडला. तू तेव्हा मुकुंदवाडीला लेकीकडं. तुझी पानं काळी पडू लागली. मला दम निघेना. मी ओळ ओलांडली, दादा. तुझ्या सगळ्या सऱ्यांवर औषध मारलं.

परत आल्यावर हिरवी पानं बघून किती हसलास तू! "बघितलं का? राखेनं करपा हटला. तुझं औषध लाव आता मिशीला!"

मी नुसतं "व्हय दादा" म्हणालो. चार दिवसांनी सांगू म्हटलं. तू थांबलास का चार दिवस?

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. वहिनी पुढं झाल्या. "तुमच्या बटाट्याला औषध लागू देणार नाय," म्हणाल्या, आणि कावळा उतरला. सगळ्यांनी हात जोडले. मी मान वर केली नाही.

तुझे बटाटे बारके निघाले, पण घट्ट; लई दिवस सुरकुतले नाहीत. माझे टपोरे, पण ढिगातच नासले. खतात तू जिंकलास. करप्यात कोण जिंकलं? ते मीच कळू दिलं नाही! आता वहिनींनी त्या खोट्यावर सगळं रान लावलं आणि करपा आला तर?

पोलीस ॲक्शननंतर निजाम गेला आणि गावातली उर्दू शाळा मराठी झाली, तेव्हा तू औत धरून अंगठाछाप राहिलास आणि मला चौथीपर्यंत शाळेत धाडलंस. जन्मभर तुझी पत्रं मीच तुला वाचून दाखवली. एक अक्षर लपवलं नाही. हे पत्र उद्या वहिनींना वाचून दाखवीन. त्या बोलतील ते ऐकून घेईन. त्यांनी मानलं तर तुरकाट्यांची ओळ पुन्हा रोवीन. तुझी बाजू करप्यानं काळी पडली तरी ह्या खेपेला ओलांडणार नाही.

बांधावर भाकरी ठेवतो. रागावला असशील तरी कावळा धाड. लवकर धाड, दादा.

तुझा,
लहान्या